मदत हवी आहे: 2006 ची मारुती 800, तळाचा पत्रा सडलाय

नमस्कार मंडळी. ही गाडी बाबांनी नवी घेतली होती, आता मी चालवतो. राहतो रत्नागिरीत, समुद्रापासून जेमतेम एक किलोमीटरवर. इंजिन ठणठणीत आहे. तीन सिलिंडर, 796 सीसी, ऑइल कधी चुकवलं नाही, टायमिंग बेल्ट दोनदा बदलला. आंबा घाट अजूनही विनातक्रार चढते.

प्रश्न पत्र्याचा आहे. खारी हवा आणि कोकणातला पाऊस. परवा ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं तर खालचं कापड ओलं आणि स्क्रू-ड्रायव्हर टेकवताच पत्रा आरपार. दाराच्या उंबऱ्याखालची पोकळ पट्टीही ठोकल्यावर भुसभुशीत वाजते. चार वर्षांपूर्वी एका गॅरेजने गंज न घासताच वरून काळं कोटिंग मारलं होतं. त्याखाली पाणी अडकून सडणं वाढलं असावं.

एक डेंटर म्हणतो, गॅस वेल्डिंगने ठिगळ मारू. दुसरा म्हणतो, सडका भाग पूर्ण कापून सीओटू वेल्डिंगने (कार्बन डायऑक्साइड वायू सोडत विजेवर तारेने केलेलं वेल्डिंग) नवा पत्रा बसवू. मला दुसरं पटतं, कारण गॅसच्या उष्णतेने पातळ पत्रा वाकतो. पण खर्च जवळजवळ तिप्पट आहे. पत्रा किती गेजचा (म्हणजे किती जाडीचा) घ्यावा? पोकळ पट्टीत गंज रोखायला आतून मेण फवारणारं कोणी रत्नागिरी-कोल्हापूर भागात आहे का?

2021 मध्ये नोंदणीचं नूतनीकरण केलं होतं, त्याची 5 वर्षं संपत आली, पासिंगच्या आत काम व्हायला हवं. विकायची नाही. बाबा रोज संध्याकाळी अजून तिच्यावरून फडकं फिरवतात.