मदत हवी आहे: स्लॉट कारच्या ट्रॅकची साफसफाई (गाडी लांबच्या वळणावर मान टाकते)

रेडिंगकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे, पण इथे मिक्सरच्या कपलरपासून तंबोऱ्याच्या जवारीपर्यंत सगळ्याचे जाणकार सापडतात, म्हणून धागा काढतेय.

आमच्या शेजारच्या आजोबांनी माळा रिकामा करताना स्केलेक्स्ट्रिकचा एक मोठा संच माझ्या लेकीला दिला. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: प्लॅस्टिकच्या काळ्या रस्त्यात खाच असते आणि खाचेच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या. गाडीच्या पोटाखालचं पातं खाचेत बसतं, आणि पात्याच्या दोन बाजूंना असलेली तांब्याची विणलेली जाळी पट्ट्यांवर घासत वीज घेते. हातातला ट्रिगर जितका दाबाल तितकी गाडी जोरात. वळणावर जास्त दाबला की गाडी थेट सोफ्याखाली. इंग्लंडात १९५७ पासून हा खेळ मिळतोय, त्यामुळे इथे निम्म्या माळ्यांवर एखादा खोका असतोच.

आमचा संच १:३२ मापाचा, साधा ॲनालॉग, दोन लेनचा. रस्ता नवीन पद्धतीचा म्हणजे 'स्पोर्ट' आहे, दोन हजारनंतरचा. मांडणी दिवाणखान्यात, गालिच्यावर, बरीच लांबलचक. अडचणी अशा:

पॉवर बेसजवळ (ट्रॅकला वीज देणारा तुकडा) गाडी सुसाट जाते. समोरच्या टोकाला, खिडकीपाशी वळण आहे, तिथे पोचेपर्यंत ती मलूल होते. कधी थांबते, बोटाने ढकलली की पुन्हा चालते. डाव्या लेनमध्ये हे जास्त. पट्ट्यांवर काळा थर आहे, कापड फिरवलं की कापड काळं होतं. काही तुकड्यांवर तांबूस ठिपके आहेत, गंजच असावा, कारण माळ्यावर ओल होती.

घरात आयसोप्रोपिल अल्कोहोल आहे, डब्ल्यूडी-४० आहे, पॉलिश पेपर आहे. नवऱ्याचं मत: सगळं पॉलिश पेपरने घासून टाक. मी अजून कशालाच हात लावलेला नाही. काय वापरू, काय नको?

दादरपूर्व

नवऱ्याच्या हातातला पॉलिश पेपर आधी काढून घ्या. बाकी जाणकार सांगतीलच.

फ्यूर्थकर

ताई, मी जर्मनीत राहतो, ज्या गावात १९६३ साली कारेराचा (स्केलेक्स्ट्रिकसारखाच जर्मन ब्रँड) ट्रॅक सुरू झाला त्याच गावात. त्यामुळे माझा हात कारेरावर बसलाय, पण स्वच्छतेची तत्त्वं तीच.

पॉलिश पेपर का नको: तुमच्या पट्ट्या पोलादाच्या आहेत आणि त्यांच्यावर पातळ मुलामा असतो. खरवडलात की मुलामा जातो, खालचं लोखंड उघडं पडतं आणि आज ठिपके आहेत तिथे पुढच्या हिवाळ्यात चट्टे दिसतील. शिवाय ओरखड्यांत घाण जास्त धरते. स्टील वूल तर त्याहून वाईट. त्याचे बारीक तंतू गाडीखालच्या चुंबकाला आणि मोटरच्या आत जाऊन चिकटतात. तिथून ते काढणं म्हणजे शिक्षा आहे. (कारेराच्या पट्ट्या स्टेनलेस, त्यामुळे आम्हाला गंजाची चिंता कमी. पण काळा थर आम्हालाही चुकत नाही.)

तो काळा थर म्हणजे नुसती धूळ नव्हे. जाळी पट्टीवरून घसरताना बारीक ठिणग्या पडतात, त्यातून तांब्याचं ऑक्साइड तयार होतं, त्यात टायरच्या रबराचा चुरा आणि गाडीतून उडालेलं तेल मिसळतं. म्हणून तो कोरड्या कापडाने पूर्ण जात नाही.

माझी पद्धत: प्लग काढायचा. व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रश लावून खाच आणि रस्ता ओढून घ्यायचा, कारण आधी पुसलंत तर धुळीचा चिखल खाचेत जातो. मग लिंट न सोडणारं कापड, जुनी सुती बनियन उत्तम, आयसोप्रोपिलने ओलसर करून पट्टीच्या लांबीच्या दिशेने पुसायचं. कापड ओलसर हवं, निथळणारं नको. काळं झालं की घडी बदला. वळणांच्या रंगीत कडांवर आधी एका कोपऱ्यात करून बघा, रंग निघत असेल तर तिथे फक्त पट्टीच पुसा. आणि नेलपॉलिश रिमूव्हरच्या वाटेला अजिबात जाऊ नका. ॲसिटोनने प्लॅस्टिक खराब होऊ शकतं.

खिडकी उघडी ठेवा, पूर्ण वाळू द्या, मगच वीज चालू करा. अल्कोहोलची वाफ पेटते आणि जाळीखाली ठिणग्या असतात, हे वर आलंच.

गंजाच्या ठिपक्यांसाठी तुमच्याकडे मॉडेल रेल्वेच्या दुकानात रूळ पुसायचा रबर मिळतो, पेकोचा वगैरे. तो हलक्या हाताने, फक्त ठिपक्यावर. नाहीतर शाळेतला शाई खोडायचा खरखरीत खोडरबर चालतो. नंतर चुरा व्हॅक्यूमने ओढायचा आणि परत अल्कोहोल.

चकलीचा_सोऱ्या

डब्ल्यूडी-४० का नको? माझ्या लहानपणी दुबईत आमच्या ट्रॅकवर बाबा तेच मारायचे. गाडी पळायची की.

फ्यूर्थकर

पळते, थोडा वेळ. ते मुळात पाणी हटवायला बनवलेलं आहे आणि मागे तेलाचा पापुद्रा सोडतं. पट्टीवरून ते जाळीवर जातं, टायरवर जातं, रस्त्यावर पसरतं. मग धूळ चिकटते आणि मागची चाकं घसरायला लागतात. त्याच कंपनीचा कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा येतो, त्याची गोष्ट निराळी. पण प्लॅस्टिकला चालेल असं डब्यावर लिहिलेलं असेल तरच घ्या.

आमच्यातले काही जण साफ केल्यावर पट्टीवर गंजरोधक द्रवाचा अगदी पुसट हात फिरवतात. ओल्या हवेत त्याचा उपयोग होतो, पण पुसट म्हणजे बोटाला जाणवणार नाही इतका. मला तो खटाटोप आवडत नाही. महिन्यातून एकदा अल्कोहोल पुरे.

तारजोड

सगळे पुसण्यावर घसरलेत, पण मूळ तक्रार परत वाचा. "पॉवर बेसजवळ सुसाट, लांबच्या टोकाला मलूल, डाव्या लेनमध्ये जास्त." मळ असा जागा बघून बसत नाही. मला यात सांधे दिसताहेत.

दोन तुकडे जोडले की पट्टीचं एक टोक दुसऱ्याला टेकतं. प्रत्येक सांध्यात थोडा विरोध असतो, गंज किंवा ढिलाई असेल तर जास्त. लांब मांडणीत असे पुष्कळ सांधे एकामागोमाग येतात आणि प्रत्येक जण आपला वाटा कापून घेतो. धरून चाला, सांध्याला ०.१ ओहम, बेसपासून वळणापर्यंत १५ सांधे आणि जायची-यायची मिळून दोन पट्ट्या. झाले ३ ओहम. गाडीने अर्धा अँपिअर ओढला तर दीड व्होल्ट वाटेतच गेले. बारामधले दीड गेले की फरक डोळ्यांना दिसतो.

ट्रॅक बंद फेरीचा असल्याने वीज दोन्ही बाजूंनी येते, म्हणून प्रत्यक्षात नुकसान याहून कमी असायला हवं. पण एका बाजूचा एखादा सांधा पूर्ण सुटला असेल तर सगळा भार दुसऱ्या बाजूवर पडतो. त्याची खूण सांगतो: गाडी हळूहळू मंदावत जाते, आणि एका विशिष्ट सांध्यावरून पलीकडे गेली की एकदम उसळते. तो सांधा गुन्हेगार. लेकीला काम द्या, गाडी मध्यम वेगाने फिरवायला सांगा आणि तुम्ही कान लावून बसा. मोटरचा सूर बदलतो ती जागा खडूने खुणवा.

मल्टीमीटर असेल तर एक सापळा लक्षात ठेवा. ट्रॅकवर भार नसताना मोजलंत तर खराब सांध्यापलीकडेही पूर्ण व्होल्टेज दिसेल, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. लोक इथेच फसतात आणि "वीज तर सगळीकडे सारखी आहे" म्हणतात. तुम्ही मोटारीच्या पार्किंग लाइटचा १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी लावा, त्याच लेनच्या दोन पट्ट्यांवर टेकवा, कोणाला तरी ट्रिगर पूर्ण दाबून धरायला सांगा आणि बल्ब पेटलेला असताना मोजा. खरं तर मीटर नसला तरी चालेल, बल्बचा उजेड मंदावलेला दिसतो.

रेडिंगकरीण

बल्बची युक्ती झकास! लेक आत्ताच गॅरेजमध्ये गेली शोधायला. तारजोड, खराब सांधा सापडला तर करायचं काय?

तारजोड

प्लग काढून ते दोन तुकडे सोडवा. स्पोर्टच्या तुकड्यांना खालून अडकवणीच्या जिभा असतात, त्या सपाट स्क्रूड्रायव्हरने दाबून मगच ओढा. वाकवून, हिसडा देऊन काढलंत तर जीभ तुटते आणि मग तो सांधा कायमचा ढिला. पट्टीची टोकं अल्कोहोलने पुसा, गंज असेल तर खोडरबर. मग बारीक चिमट्याने टोक किंचित दाबा किंवा वाकवा, म्हणजे जोडताना घट्ट बसेल. किंचित म्हणजे किंचितच. परत जोडताना खटकन आवाज आला पाहिजे.

सगळं करूनही टोकाला वीज कमी पडत असेल तर बेसपासून लांबच्या टोकापर्यंत ट्रॅकखालून जाड वायर नेतात. तयार बूस्टर केबलही मिळते. दोन लेन म्हणजे चार पट्ट्या, चार वायरी, चार वेगळे रंग. बेसजवळची डाव्या लेनची डावी पट्टी तिकडेही डाव्या लेनच्या डाव्याच पट्टीला जायला हवी. उलट जोडलं तर सरळ शॉर्ट.

अवांतर: पुण्यात कोणाला असं काही करायचं असेल तर पासोड्या विठोबाजवळ वायर, सोल्डर, बल्ब होल्डर सगळं एका फेरीत मिळतं.

दादरपूर्व

मुंबईकरांसाठी लॅमिंग्टन रोड. (पुणेकराने पत्ता दिला की आमचाही द्यावा लागतो.)

फ्यूर्थकर

तारजोडना पूर्ण अनुमोदन, मी पुसण्यातच अडकलो होतो. गाडीकडेही बघा पण. गालिच्यावर मांडणी आहे म्हणताय, म्हणजे मागच्या आसाभोवती केस आणि लोकरीचे धागे नक्की गुंडाळलेले असणार. चिमट्याने ओढून काढा. जाळीची टोकं पिंजारून वर उचलली गेली असतील तर मऊ पितळी ब्रशने विंचरा आणि टोकाकडे जरा खाली वाकवा. जाळी पट्टीवर सपाट टेकली पाहिजे. पण फार खाली वाकवलीत तर गाडीचं नाक उचललं जातं आणि पातं खाचेतून बाहेर येतं. जाळी काळी आणि कडक झाली असेल तर सरळ बदला, स्वस्त असते.

तेल: शिलाई मशीनचं, सुईच्या टोकावर मावेल एवढंच, आस जिथे फिरतो तिथे. जास्तीचं तेल फिरत्या चाकांवरून रस्त्यावर उडतं. टायरवर चिकटपट्टी उलटी लावून फिरवा, कचरा निघून येतो.

आणि शक्य असेल तर गालिच्यावरून उठवा. प्लायवूडच्या फळीवर मांडलंत की सांधे हलत नाहीत, धागे येत नाहीत. निम्मी साफसफाई तिथेच वाचते.

रेडिंगकरीण

अहवाल देते. तारजोड म्हणाले तेच निघालं. डाव्या लेनचा एक सांधा, खिडकीच्या पलीकडचा, पूर्ण मेलेला होता. बल्ब त्याच्या अलीकडे अगदी पिवळट, पलीकडे लख्ख. सोडवून बघितलं तर पट्टीचं टोक आत दबलेलं आणि गंजलेलं. साफ करून, किंचित वाकवून जोडलं. बाकी सगळा ट्रॅक व्हॅक्यूम आणि अल्कोहोलने पुसला. बनियन नवऱ्याची घेतली, पॉलिश पेपरचा हिशेब चुकता.

आता गाडी सगळीकडे सारखी पळते. पण इतकी पळते की त्याच वळणावर मागून घसरून बाहेर जाते! रस्ता जास्त गुळगुळीत झाला का? टायर हाताला कडक आणि चकचकीत लागतात.

फ्यूर्थकर

रस्त्याचा दोष नाही. आधी तिथे वेगच नव्हता म्हणून घसरत नव्हती. रबर जुनं झालं की कडक होतं, त्याला पकड राहत नाही. सपाट फळीवर बारीक पॉलिश पेपर चिकटवा (आता नवऱ्याला बोलवा), मागची चाकं फिरती ठेवून त्यावर हलकेच टेकवा, वरचा चकचकीत थर निघून आत मऊ रबर आहे का बघा. नसेल तर नवे टायर.

नवे घेताना सगळ्या गाड्यांना एकाच जातीचे घ्या. सिलिकॉनचे टायर स्वच्छ रस्त्यावर छान पकडतात आणि चुरा सोडत नाहीत, पण त्याच ट्रॅकवर दुसरी गाडी रबराची असेल तर रबराचा थर रस्त्यावर बसतो आणि सिलिकॉनवाली घसरते. मी घरात रबरच ठेवलंय. लेकीच्या मैत्रिणी आपापल्या गाड्या घेऊन येणार असतील तर तुम्हीही तेच करा.

रेडिंगकरीण

रबर ठरलं. आणि शेवटचं, ठेवायचं कुठे? माळा नको हे कळलं.

तारजोड

माळ्यावर दिवसा-रात्रीच्या तापमानात फार फरक पडतो, त्यातून दव धरतं, आणि सांध्यांच्या आत ते वाळत नाही. राहत्या खोलीत, पलंगाखाली, झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. तुकडे सपाट ठेवा, उभे रचले की कालांतराने वाकतात. रेडिएटरजवळ नको.

दादरपूर्व

धागा वाचून मोह झालाय. भाचा न्यू जर्सीहून येताना त्याचा जुना सेट आणतो म्हणतोय. इथे चालेल ना?

तारजोड

ट्रॅक आणि गाड्या चालतील. ॲडॉप्टरवर इनपुट काय छापलंय ते त्याला फोटो काढून पाठवायला सांगा. १००-२४० व्होल्ट असेल तर फक्त पिनचा प्रश्न. नुसतं १२० असेल तर आपल्या २३०च्या सॉकेटमध्ये घालू नका, तेवढ्याच आउटपुट व्होल्टचा आणि किमान तेवढ्या अँपिअरचा डीसी ॲडॉप्टर इथेच घ्या. जॅकची पोलॅरिटी बघून.

दादरपूर्व

फोटो मागवलाय. आला की इथेच टाकतो.