'लिलाव' आणि 'हर्रास' : या शब्दांचा उगम कोणता आणि त्यांच्या अर्थांत काही फरक आहे का?

प्रश्न (ग्रामपंचायत कर्मचारी, नागपूर जिल्हा)

आमच्या गावातील तलावाच्या मासेमारीचा आणि आठवडी बाजाराच्या वसुलीचा दरवर्षी जाहीर हर्रास होतो. यंदा सूचनेचा मसुदा करताना मी नेहमीप्रमाणे 'हर्रास' असे लिहिले. वरिष्ठांनी तो शब्द खोडून 'लिलाव' केला आणि समासात शेरा मारला की 'हर्रास' हा गावंढळ, हिंदी वळणाचा शब्द असून 'लिलाव' हा शुद्ध मराठी आहे. शब्द बदलण्यास माझी हरकत नाही. परंतु हे कारण मला पटलेले नाही, कारण गावात दवंडी आजही हर्रासाचीच दिली जाते आणि बोली लावायला येणारी माणसेही तोच शब्द वापरतात. एका सहकाऱ्याच्या मते 'लिलाव' हा संस्कृत 'लीला'वरून आला आहे. हे खरे आहे का? आणि या दोन शब्दांच्या अर्थांत काही भेद आहे का?

प्रतिसाद (निवृत्त मराठी शिक्षिका, महाल, नागपूर)

भाऊ, 'लीला'शी या शब्दाचा काहीही संबंध नाही. 'लिलाव' हा पोर्तुगिजांकडून आलेला शब्द आहे. मूळ पोर्तुगीज शब्दाचा उच्चार साधारणपणे 'लेइलांव' असा होतो आणि त्याच्या शेवटी अनुनासिक स्वर आहे. त्या भाषेतील हा शेवट मराठीत आला की त्याचा 'आव' होतो, याचे दुसरे उदाहरण आपण रोज खातो : 'पांव'चा आपण 'पाव' केला. गोवा 1510 पासून आणि वसई 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. या सहवासातून बटाटा, चावी, पगार हे शब्द जसे आले, तसाच लिलावही आला.

हिंदीतील 'नीलाम' हेही त्याच शब्दाचे रूप आहे. शेवटच्या अनुनासिकाचा तेथे 'म' झाला आणि लागोपाठ आलेल्या दोन 'ल'पैकी पहिल्याचा 'न' झाला. ल आणि न यांची अशी अदलाबदल आपल्याला नवी नाही; पुण्याकडचे लिंबू नागपुरात निंबू होतेच. दक्षिणेकडे पाहिले तर मल्याळमचा 'लेलम', तमिळचा 'एलम' आणि तेलुगूचा 'वेलम' हे याच कुळातील आहेत, आणि समुद्रापलीकडे मलय भाषेत 'लेलोंग' आहे. ज्या ज्या बंदरात पोर्तुगीज व्यापारी उतरले, तेथे हा शब्द रुजला.

मात्र पोर्तुगिजांचाही तो मूळचा नव्हे. तो अरबीतून आला असे मानले जाते आणि त्याचे मूळ 'जाहीर करणे, कळवणे' या अर्थाच्या अरबी शब्दात दाखवले जाते. त्याचा धातू 'जाणणे' या अर्थाचा असून मालूम, तालीम, इल्म हे शब्दही त्याच धातूपासून झाले आहेत. हे लक्षात घेतले की आपण लिलाव 'पुकारतो' असे का म्हणतो, तेही उमगते. इंग्रजीतील 'ऑक्शन' हा शब्द लॅटिनमधील 'वाढणे' या अर्थाच्या धातूवरून आला. तेथे चढत्या किमतीकडे लक्ष आहे, तर येथे पुकाऱ्याकडे.

आता हर्रास. अरबीत विक्रीच्या या पद्धतीला 'हराज' असा शब्द आहे. दखनीत 'हर्राज', कानडीत 'हराजु' आणि गुजरातीत 'हराजी' ही त्याची रूपे आजही प्रचलित आहेत आणि आपला हर्रास त्यांचाच भाऊ आहे. प्रमाण हिंदीत या अर्थी 'नीलाम' रूढ आहे. त्यामुळे 'हर्रास' हिंदी वळणाचा आहे, हा शेरा टिकत नाही. दोन्ही शब्द परकेच आहेत आणि दोन्ही आता पूर्णपणे मराठी आहेत. त्यांतील एकाला शुद्ध व दुसऱ्याला गावंढळ ठरवणे हा विदर्भातील बोलीवर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद (संत्रा बागायतदार, काटोल)

ताईंनी उगम उत्तम सांगितला. मी व्यवहारातील फरक सांगतो. माझा माल कळमना बाजारात जातो. तेथे अडत्या मालाच्या ढिगापाशी उभा राहून भाव पुकारतो, भोवतीचे व्यापारी टनामागे बोली चढवतात आणि शेवटच्या बोलीवर सौदा पक्का होतो. याला आम्ही सारे लिलावच म्हणतो. झाडावरचीच बाग व्यापाऱ्याला दिली, तर तो मात्र नुसता सौदा. त्याला लिलाव कोणी म्हणत नाही. हर्रास हा शब्द आमच्याकडे एखाद्या हक्कासाठी येतो : रेतीघाट, तलाव, गवत, बाजाराची वसुली. म्हणजे लिलावात वस्तू विकली जाते आणि हर्रासात ठरावीक मुदतीचा हक्क दिला जातो, असा आमच्या भागातील सर्वसाधारण वापर आहे.

पूर्वी अनेक बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असे आणि शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही आपल्या मालाचा भाव कळत नसे. म्हणून 'उघड लिलाव' यातील 'उघड' हा शब्द शेतकऱ्याला फार मोलाचा आहे.

प्रतिसाद (निवृत्त मराठी शिक्षिका, महाल, नागपूर)

काटोलच्या दादांनी सांगितलेल्या भेदात एक छटा जोडते. 'घराचा लिलाव निघाला', 'अब्रूचा लिलाव मांडला' असे आपण म्हणतो. तेथे हर्रास मी कधी ऐकला नाही. लिलाव या शब्दात जप्तीचे दुःख मिसळलेले आहे, आणि नागपूरकरांना ते विशेष ठाऊक आहे. 1853 साली तिसरे रघूजी भोसले वारल्यावर डलहौसीने 1854 मध्ये संस्थान खालसा केले. त्यानंतर राजवाड्यातील हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर विकले गेले आणि जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला गेले. एप्रिल 2025 मध्ये पहिल्या रघूजींची तलवार लंडनच्या लिलावात निघाली, तेव्हा महाराष्ट्र शासनाने ती विकत घेतली.

प्रतिसाद (वकील, सिव्हिल लाइन्स, नागपूर)

भाऊ, कायद्याच्या दृष्टीने नाव कोणतेही द्या, परिणाम एकच असतो. तरीही सूचनेत 'लिलाव' ठेवणे सोयीचे, कारण मराठी कायदेविषयक लिखाणात तोच शब्द रूढ आहे. बोली आणि निविदा यांत मात्र गल्लत होऊ देऊ नका : बोली सर्वांसमक्ष लागते आणि ती चढवता येते, तर निविदा मोहोरबंद असून सहसा एकदाच भरली जाते.

तुमच्या गावी 'एक वार, दोन वार, तीन वार' म्हणत असतील, तर त्याला कायद्यात जागा आहे. वस्तूंच्या विक्रीबाबत 1930 च्या कायद्यातील कलम 64 सांगते की, हातोडा पडल्याने किंवा अन्य रूढ पद्धतीने विक्री पूर्ण झाल्याचे घोषित होईपर्यंत बोली लावणाऱ्याला आपली बोली मागे घेता येते. तलावाचा हक्क ही 'वस्तू' नव्हे. म्हणून बोली केव्हा पक्की धरली जाईल, अनामत किती आणि उरलेली रक्कम किती दिवसांत भरायची, हे तुम्ही सूचनेतच स्पष्ट लिहा. शीर्षकात 'जाहीर लिलाव (हर्रास)' असे दोन्ही शब्द ठेवता येतील. वरिष्ठांनी पुन्हा हरकत घेतली, तर ज्यांनी बोली लावायची त्यांना सूचना कळली पाहिजे, एवढेच कारण द्या.