अनुभव धागा: चाळिशीनंतरची चरबी, कंबर आणि अंगातली ताकद

मुलुंडची_माई
मंडळी, वजन कसं उतरवावं यावर सल्ल्यांचा काही तुटवडा नाही. सोसायटीच्या ग्रुपवर रोज कुणीतरी जिरेपाणी, नाहीतर दालचिनी पाठवतंच. मला हवंय ते वेगळं. लोकलची वेळ, डबा, घरातली आजारपणं, सणवार सांभाळून तुमच्याकडून काय टिकलं आणि काय चार दिवसांत सुटलं, ते लिहा. वय आणि राहायचं ठिकाण सांगा. पावडरी विकू नका. औषधांचे डोस एकमेकांना सांगू नका.

एक विनंती, वजनासोबत कंबरेचा घेरही लिहा. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि बायकांसाठी ८० ही धोक्याची रेघ धरतात. बीएमआयसुद्धा (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) आपल्यासाठी २३ ला 'जास्त' आणि २५ ला 'स्थूल'. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. तेव्हा 'मी मुळात बारीकच' म्हणणाऱ्यांनीही टेप काढा. पँटचा नंबर सांगू नका, पँट पोटाखालून जाते. श्वास सोडून बेंबीच्या आसपास मोजा.

एकोणिसावा_मजला
वय ५६, गिरगाव. आम्ही चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. पहाटे पाणी भरायचं, गच्चीत वाळवणं घालायची, लाकडी जिना दिवसातून कितीदा व्हायचा ते कोण मोजतंय! व्यायाम हा शब्द कुणाच्या तोंडात नव्हता आणि सासूबाई ऐंशीच्या झाल्या तरी मांडी घालून भाजी निवडायच्या. मग पुनर्विकास झाला. दोन लिफ्ट, घरात चोवीस तास पाणी, कमोड, उभ्याचा ओटा. पायांचं कामच संपलं. जेवण तेच होतं, पण ब्लाउजची शिलाई उसवून घ्यायची वेळ आली. कंबर ९४.

आता मी लिफ्टने पंधराव्या मजल्यापर्यंत जाते आणि वरचे चार मजले जिन्याने चढते. उतरताना लिफ्टच, कारण उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो. संध्याकाळी रेफ्यूज एरियात (आग लागली तर जमायची मोकळी जागा) फेऱ्या मारते. सुरुवातीला वॉचमनला वाटायचं, बाई घरातून भांडून आलीय. लसूण सोलायला, मटार सोलायला खाली जमिनीवर बसते आणि हात न टेकता उठायचा प्रयत्न करते. सगळ्यात उशिरा जमलं ते हे. आधी दोन्ही हात लागायचे, मग एक, मग नुसता गुडघ्यावर तळवा. कंबर आता ८७ आहे. वजन जेमतेम तीन किलो उतरलंय, त्यामुळे नणंदेच्या मते काहीच फरक नाही.

परळचा_फिजिओ
ताई, नणंदबाईंना सांगा, वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यातला फरक कळत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू झिजतो आणि साठीनंतर वेग वाढतो. नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं की चरबीबरोबर हाही जातो. मग वजन परत येतं तेव्हा येते ती चरबी. तुम्ही हात न टेकता उठता, त्याची चाचणीच आहे. ब्राझीलच्या डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार माणसांवर ती केली, २०१२ साली ते छापून आलं. ज्यांना बसता-उठताना जास्त आधार लागला, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. मात्र गुडघे बदललेल्यांनी हा प्रयोग एकट्याने करू नये.

शिवाजी_पार्क_कट्टा
वय ६७, दादर. निवृत्तीनंतर रोज सकाळी पार्काला फेऱ्या मारतो. एक फेरी किलोमीटरहून थोडी मोठी. तेवढ्या चालण्याने पन्नास-साठ कॅलरी जळतात. वडापावात तीनशेच्या आसपास असतात. म्हणजे पाच फेऱ्या मारून कट्ट्यावरून उठताना एक वडापाव हाणला की हिशेब जैसे थे. आमच्या चमूत मी हे गणित मांडलं तेव्हा दोघांनी आठवडाभर अबोला धरला.

दहा हजार पावलांचं खूळही तसंच. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या जाहिरातीतला तो आकडा. साठीच्या पुढच्यांना सहा ते आठ हजारांतच बहुतेक फायदा पदरात पडतो, हे आता अभ्यासांतूनही दिसलंय. चालणं सोडा असं मी म्हणत नाही. हृदयाला, शुगरला, डोक्याला उत्तम. पण नुसत्या चालण्याने माझं पोट हललं नाही. समर्थ व्यायाम मंदिरातली पोरं मल्लखांबावर उलटी लटकतात, ती बघत बघत मी आता कट्ट्यावर हात टेकून दंड काढतो आणि त्याच कट्ट्यावर उठाबशा करतो. टेकायचं, उठायचं, टेकायचं, उठायचं. कट्ट्यावर बसून गप्पा मारणारे हसतात. हसू देत. कंबर ९९ वरून ९३. वडापाव रविवारी.

घाटकोपर_४५
काका, हसणाऱ्यांची कंबर मोजून टाका इथे.

विरार_फास्ट
वय ४३. विरारहून अंधेरीला नोकरी, येऊन-जाऊन रोजचे तीन तास. जिम वगैरे विसरा. मी फक्त डब्याकडे लक्ष दिलं. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था प्रौढांना दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगतात. माझं वजन तेव्हा ७० च्या वर, म्हणजे ५८-६० ग्रॅम हवीत. एका रविवारी बसून दिवसभराचं मांडलं. सकाळी पोहे, डब्यात तीन पोळ्या आणि दुधीची भाजी, रात्री वरणभात, मध्ये चहा. एकूण पस्तिशीच्या घरात! आई म्हणाली, "वरण असतं की रोज." असतं, पण आमच्याकडचं वरण म्हणजे वाटीचा तळ दिसेल असं.

आता नाश्त्याला दोन अंडी, म्हणजे १२ ग्रॅम. डब्यात पोळ्या दोन, भाजीच्या शेजारी सोयाबीन वडीचं सुकं, नाहीतर मटकीची घट्ट उसळ. कोरड्या वडीत शंभर ग्रॅमला पन्नासच्या आसपास प्रथिनं असतात, त्यामुळे मूठभर वडीतही काम होतं. वास आवडत नसेल तर मीठ घालून उकळा, दोनदा पिळा, मग गोडा मसाला आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण. गाडीत भूक लागली की फुटाणे. पूर्वी संध्याकाळी अंधेरी स्टेशनबाहेर समोसा ठरलेला असायचा, आता तिथे पोचेपर्यंत ती भूकच नसते. हे मला स्वतःला सगळ्यात मोठं वाटतं. मनाला आवर घालावा लागत नाही, पोटच भरलेलं असतं. कंबर ९८ ची ९१ झालीय आणि तिथेच अडकलीय, ते वेगळं.

वरळी_कोळीवाडा
दादा, वड्या पिळत बसण्यापेक्षा बांगडा आणा. शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं, वर ओमेगा-३. आणि तेलकट मासा म्हणून नावं ठेवू नका, बाधतं ते बाहेरचं तेल. रव्यात घोळवून तळलेला बोंबील आणि कोकम-तिरफळाच्या पातळ कालवणातला बांगडा, दोन्ही 'मासे खाल्ले' याच सदरात मोडतात, फरक पोटाला कळतो. आमच्याकडे आता तळण पाहुणे आले की. एरवी कालवण, नाहीतर तव्यावर चमचाभर तेलात. भाताचा ढीग अर्ध्यावर आणला, तांदळाची भाकरी एकच. सुका जवळा, सुके बोंबील यांत प्रथिनं भरपूर, पण मीठही तसंच. ज्यांना बीपी आहे त्यांनी धुऊन, भिजवून, पाणी फेकून घ्या आणि कालवणात वरून मीठ घालू नका.

चेंबूरची_वहिनी
कुणी डॉ. दीक्षितांचं दोन वेळाच जेवण्याचं केलंय का इथे? ह्यांची शुगर आहे, ह्यांना सुरू करायचंय.

घाटकोपर_४५
आलं! आता दीक्षित विरुद्ध आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सुरू होणार, मुलुंडच्या माई धागा बंद करणार.

सांताक्रूझ_पूर्व
वहिनी, मी केलंय. वय ५१. दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, मधे काही नाही. माझ्यासाठी काम झालं, कारण माझं सगळं वजन मधल्या वेळच्या खारी-फरसाणाचं होतं आणि तेच थांबलं. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ६.३ वरून ५.८ वर आलं (५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पातळी). पण मला गोळ्या नव्हत्या. तुमच्या ह्यांना ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारणं भागच आहे. गोळी घेतली आणि जेवण टळलं तर साखर एकदम खाली जाते. माझ्या मेहुण्याला कुर्ला स्टेशनवर घाम फुटून चक्कर आली होती, कुणीतरी केळं दिलं म्हणून निभावलं.

मुलुंडची_माई
धागा बंद नाही करत, पण दीक्षित-दिवेकर सामना इथेच आवरा. दिवेकरांचं वरण-भात-तूप खाऊन बारीक झालेलेही माझ्या माहितीत आहेत. दोघांत सारखं काय, तर बाहेरचं चरणं थांबतं.

रात्रपाळीची_सिस्टर
वय ३९, सायन. रुग्णालयात नोकरी, महिन्यातून दोन आठवडे रात्रपाळी. माझा शत्रू चहा. रात्रभरात पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे चाळीसएक ग्रॅम नुसती चहातून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवा, २५ च्या आत आली तर आणखी बरं. साखर एकदम तोडली नाही, अर्धा-अर्धा चमचा कमी करत आणली. आता कुणाच्या घरचा चहा पाकासारखा लागतो. दुसरं म्हणजे पहाटेचं खाणं बंद. ड्यूटीवर निघण्याआधी घरी पूर्ण जेवते, मध्यरात्रीनंतर ताक किंवा उकडलेलं अंडं, बस. आणि सकाळी घरी आल्यावर आधी झोप, मग धुणं-भांडी. हा नियम सासरी पचायला वेळ लागला. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी गोडाची भूक दुप्पट लागते, हे मी माझ्यावरच इतकं पाहिलंय की आता झोपेवर कुणाचं ऐकून घेत नाही.

कांदिवली_नाचणी
वय ५२. पाळी गेली आणि पोट आलं, एवढीच माझी कथा. इस्ट्रोजेन कमी झालं की चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते आणि हाडंही भराभर विरळ होतात. नाचणी रोज चालू केली. शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. सकाळी आंबील, रात्री भाकरी. पण नुसतं कॅल्शियम पोटात घालून हाड मजबूत होत नाही, त्याच्यावर भारही पडावा लागतो. म्हणून गल्लीतल्या लेडीज जिममध्ये गेले. तिथल्या मुलीने पहिल्या दिवशी गुलाबी रंगाचं एक किलोचं डंबेल हातात दिलं. मी म्हटलं, अगं बाई, मी रोज पाच किलो कणकेचा डबा खाली-वर करते. आता आठ-आठ किलोची दोन उचलते. कंबर ९१ वरून ८५, आणि लोकलमध्ये वरच्या रॅकवर बॅग ठेवायला कुणाला 'जरा ठेवता का' म्हणावं लागत नाही.

ठाकुरद्वार
उपवासवाल्यांचं काय? एकादशी आणि दुप्पट खाशी. आमच्याकडे श्रावणात सगळ्यांची कंबर वाढते.

विरार_फास्ट
साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा आणि तूप. रताळं, ताक, दाणे मोजून, राजगिरा. आमच्या आईने साबुदाणा फक्त आषाढीला ठेवलाय, ते तिचं आणि विठोबाचं ठरलंय.

अंधेरी_पश्चिम
वय ४८. मी इंजेक्शनवर आहे, लिहू का नको असं वाटत होतं. मार्च २०२५ मध्ये माउंजारो (मधुमेह आणि वजनासाठीचं इंजेक्शन) भारतात आलं, त्यानंतर काही महिन्यांनी डॉक्टरांनी सुरू केलं. शुगर, फॅटी लिव्हर, गुडघे सगळंच होतं. भूक खरंच जाते. सुरुवातीला मळमळही खूप. पण डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की खाणं इतकं कमी होईल की स्नायूही जातील, म्हणून आधी प्रथिनं, मग बाकीचं ताट, आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलायचीच. बंद केलं की वजन परत चढतं असं बहुतेकांचं होतं, तेव्हा ही सवय आताच लावतोय. फुकट बारीक झालो असं समजू नका. खिशालाही बारीक करतं.

परळचा_फिजिओ
प्रामाणिक लिहिलंत, बरं झालं. जाता जाता एक, ज्यांच्या घरी वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू आहे त्यांनी बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. ते कमी झालं की पाय बधिर होतात, तोल जातो आणि घरचे म्हणतात वय झालं. पासष्टीच्या पुढे आठवड्यातून तीनदा तरी तोल सांभाळायचा व्यायाम हवा. भिंतीला एक हात लावून एका पायावर उभं राहिलात तरी चालेल.

चेंबूरची_वहिनी
ह्यांच्या डॉक्टरांशी बोलले. गोळी बदलून मग दोन वेळचं सुरू करू म्हणाले, तोपर्यंत जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. पण जुलैत कुठे चालायचं? आमच्याकडे पाणी भरतं.

एकोणिसावा_मजला
घरातल्या घरात. हॉल ते किचन, बातम्या लागलेल्या असतात तेवढा वेळ. जेवणानंतर बसल्या बसल्या साखर चढू द्यायची नाही, एवढंच.

शिवाजी_पार्क_कट्टा
मी पावसात सोसायटीच्या पोडियम पार्किंगमध्ये चालतो. फक्त सकाळी आठच्या आत उरका, नंतर गाड्या निघायला लागतात आणि धूर होतो. आणि रबरी तळाचे बूट घाला, तिथली फरशी ओली झाली की फार निसरडी होते.