ग्रो टेंटमधली धिंगरी: सकाळी ८८ टक्के ओल, दुपारी ३८

प्रश्न (औसा तालुका, जि. लातूर)

नमस्कार. घरच्या सोयाबीनच्या गुळीवर धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) करतेय, ही दुसरी खेप. पहिली दिवाळीनंतर घेतली, खोलीत नुसते बेड (गुळी भरलेल्या पिशव्या) टांगले होते, छान निघाली. आता फेब्रुवारी सरतोय, ऊन चढलंय, म्हणून ग्रो टेंट, म्हणजे आत पीक वाढवायचा कापडी तंबू, मागवला. ५ बाय ५ फूट, उंची साडेसहा, बाहेरून काळा, आतून चंदेरी, पुढे चेन. वरच्या पत्र्याच्या खोलीत उभा केलाय. आत १२ बेड आहेत. त्यासोबत आलेला ६ इंची पंखा दिवसभर हवा बाहेर ओढतो आणि मी चार वेळा हातपंपानं पाणी फवारते.

सकाळी सहाला मीटर २२ अंश आणि ८८ टक्के दाखवतं. दुपारी दोनला ३२ अंश आणि ३८ टक्के. मोहरीएवढ्या कळ्या येतात, दोन दिवसांत पिवळ्या पडतात, बोटांत धरल्या की चुरा होतो. शेवटी चार दिवस पंखा बंद ठेवला, चेन लावून टाकली. ओल टिकली, पण दांडे बोटभर लांब झाले आणि वरची छत्री शर्टाच्या गुंडीएवढीच राहिली. काहींवर तपकिरी चिकट डाग आले, वासही सुटला.

पंखा लावला तर वाळतात, बंद केला तर गुदमरतात. बचत गटातून उचललेले पैसे यात आहेत, पुढच्या बैठकीआधी मार्ग काढायचाय. फवारणी वाढवू का?

उत्तर (परभणी)

ताई, फवारणी वाढवू नका. मी सहा वर्षं धिंगरी करते. मीसुद्धा सुरुवातीला पाणी मारून मारून बेड कुजवले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तुमचे आकडे बघा. सकाळची २२ अंशांची, ८८ टक्के ओलीची हवा डब्यात कोंडली आणि थेंबभर पाणी न घालवता ३२ अंशांपर्यंत तापवली, तरी मीटर ४९-५० टक्केच दाखवेल. तापलेल्या हवेत पाणी मावायला जागा जास्त होते, म्हणून टक्का घसरतो. म्हणजे ८८ वरून पन्नासपर्यंतची घसरण तुमच्या पत्र्यांची आहे. पन्नासवरून ३८ वर आणलं ते पंख्यानं.

दुसरी गोष्ट, तुमच्या टेंटमध्ये जेमतेम १६० घनफूट हवा आहे. २५ अंशांना ती पाण्यानं पूर्ण भरली तरी त्यात १०० ग्रॅमच पाणी मावतं, अर्धा पेला म्हणा. ६ इंची पंखा पूर्ण वेगात ही सगळी हवा अर्ध्या मिनिटाच्या आसपास बाहेर फेकतो. पंखा चालू असताना टेंटचं कापड आत ओढलं जाऊन पोट खपाटीला गेल्यासारखं दिसतं ना? ते त्याचंच लक्षण. तुमच्या चार फवारण्या तिथं काय पुरणार?

ओल हवेत साठत नाही, ती वस्तूंत साठवावी लागते. टेंटच्या तळाला दोन इंच वाळू पसरा आणि ती सतत भिजलेली ठेवा. तीन बाजूंनी बारदाना सोडा, त्याचं खालचं टोक पाण्याच्या घमेल्यात बुडवा. बेडवर थेट पाणी मारू नका. छत्रीवर पाणी साचून राहिलं की जिवाणू वाढतात, ते चिकट डाग त्याचेच.

पण हवा हवीच. लांब दांडा आणि बारीक छत्री म्हणजे कार्बन डायऑक्साइड साचलाय. धिंगरी श्वास घेते, कोंडलेल्या जागेत ती मोकळ्या हवेच्या शोधात दांडा ताणते. पंख्याला रेग्युलेटर लावा, सगळ्यात कमी वेगावर तासाला चार-पाच मिनिटं चालवा. पहाटे मात्र अर्धा तास चेन उघडीच ठेवा, त्या वेळची हवा थंड आणि ओली, ती फुकट मिळते. स्पॉन (अळिंबीचं बियाणं) पसरत असलेले नवे बेड या टेंटमध्ये ठेवू नका, त्यांना पहिले पंधरा-वीस दिवस अंधार आणि ऊब लागते, वारा नाही.

मीटरही तपासून घ्या. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन त्यात थेंब-थेंब पाणी घाला, चिखलासारखं झालं पाहिजे, विरघळू देऊ नका. ते टोपण आणि मीटर घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. माझं स्वस्तातलं मीटर ६६ दाखवायचं, म्हणजे वर्षभर मी ओल जास्तच करत होते.

उत्तर (अंबाजोगाई)

परभणीच्या ताईंचं पटलं. माझी भर एवढीच की टेंटच्या आत येणाऱ्या हवेला आधी भिजवा. खिडकीत कूलर बसवा आणि टेंटचं खालचं भोक त्याच्या तोंडासमोर आणा. मार्चच्या कोरड्या दिवसांत आपल्याकडे कूलरची हवा बाहेरच्यापेक्षा आठ-दहा अंशांनी थंड येते आणि ओल घेऊनच येते. पावसाळ्यात हाच कूलर काही कामाचा नाही. भोकावर बारीक जाळी बांधा, माश्या शिरल्या की बेडमध्ये अळ्या होतात.

फॉगर (धुक्यासारखं बारीक पाणी फवारणारं यंत्र) घेणार असाल तर बोअरचं पाणी वापरू नका. आमच्याकडच्या क्षारांनी नोझल महिन्यात पांढरे होऊन बुजले, लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून ठेवावे लागतात.

आणि हे फार मनावर घ्या: छत्रीच्या कडा वर वळायच्या आत काढणी करा. उशीर झाला की बीजाणूंची पांढरी भुकटी उडते. बंद टेंटमध्ये ती सगळी श्वासातून छातीत जाते. माझ्या वहिनींना दोन महिने खोकला आणि कणकण होती, आम्ही हवा बदलल्याचं समजत बसलो. आत जाताना नाकाला मास्क लावा, पंखा आधी चालवा.

उत्तर (जालना)

पत्र्याच्या खोलीतून टेंट खाली आणता येईल का? आमच्या जुन्या माळवदाच्या (जाड मातीच्या छताच्या) खोलीत दुपारीही २७ च्या वर जात नाही.

प्रश्न विचारणाऱ्या ताई, अकरा दिवसांनी

माळवद आमच्याकडे उरलं नाही. १९९३ च्या भूकंपानंतर सासऱ्यांनी दगडमातीचं घर ठेवलंच नाही. पण टेंट खाली स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत आणला, तिला स्लॅब आहे. वाळू, बारदाना, कूलर, सगळं केलं. मीठ घालून बघितलं तर मीटर ७१ दाखवतंय, आता चार मिळवून वाचते. काल दुपारी दोनला २७ अंश आणि ८१ होते.

आज पहाटे एका बेडचा गुच्छ काढला. ६२० ग्रॅम. दांडे आखूड, छत्र्या तळहाताएवढ्या, कडा अजून खाली वळलेल्या. काढताना बुडाशी ओलसर, थंडगार लागला, तो हातात घेऊन मी कितीतरी वेळ तशीच उभी होते.

एकच विचारायचंय. आमच्याकडे दुपारी एक ते तीन लाइट जाते. तेवढा वेळ काय करू?

उत्तर (परभणी)

६२० वाचून फार बरं वाटलं, ताई. लाइट जायच्या दहा मिनिटं आधी बारदाना पुन्हा भिजवा आणि चेन खालून वीतभर, वरून वीतभर उघडी ठेवा. दोन तास तेवढ्यानं निभतं. बेडला हात लावू नका.