मदत हवी आहे: नव्या पिकअपचं ॲव्हरेज कमी, दोष रनिंग-इनचा की ब्रेकचा?

डिझेल पिकअप, रनिंग 2,300 किमी. सोलापूर मार्केट यार्डातून कांदा, साधारण 1,200 किलो. फेऱ्या मोहोळ, टेंभुर्णी, तुळजापूर. टाकी फुल ते टाकी फुल, एकच पंप, पहिल्या ऑटो-कटला बंद, असं तीनदा मोजलं: माल भरून लिटरला 10.6 किमी, रिकामी 12.1. मीटरवरचा ॲव्हरेजचा आकडा धरला नाही, तो जरा गोडच बोलतो.

रनिंग-इन (नवं इंजिन हळूहळू रुळवणं) म्हणून पहिले 1,000 किमी अर्धा माल, 60 च्या आत, वेग कमीजास्त करत. पिस्टनच्या रिंगा पूर्ण बसायला अजून अवकाश आहे हे मान्य. पण रिकामी गाडीही 12.1 च देते, म्हणून ब्रेकची शंका येते.

हवा टायर थंड असताना, स्टिकरप्रमाणे. एअर फिल्टर साफ. फेरीनंतर मागच्या डाव्या ब्रेक ड्रमवर मात्र हात ठेववत नाही, उजवा कोमट. जॅकवर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडून फिरवलं तर डावं चाक अर्ध्या फेरीतच अडतं. ब्रेक लायनर जास्त टाइट झालेत, हँडब्रेकची केबल परत येत नाही की व्हील सिलिंडर (लायनर ड्रमवर दाबणारा) अडकतोय? आधी काय उघडावं?

दुसरं, ड्रायव्हर तुळजापूरचा चढ चौथ्या गिअरमध्येच ओढतो, इंजिन धडधडलं तरी रेस पूर्ण दाबलेली. तिसरा टाकून 2,000 आरपीएमच्या आसपास ठेवलं तर डिझेल वाचेल ना? येताना रिकाम्या हौद्यावर ताडपत्री सैल फडफडते, वेग 80. ताडपत्री घडी करून 60-65 ला आणली तर किती फरक पडतो, कुणी मोजलाय का?