इआरवाल्यांना (हॉस्पिटलच्या इमर्जन्सीवाल्यांना) जुन्या गोळ्यांचं सगळं कसं कळतं?

जर्सीकर: आतेभावाला पाठदुखीसाठी ऑक्सीकोडोन (अफूच्या जातीची, सवय लागू शकणारी पेनकिलर) चालू होतं, परवा परत दुखलं म्हणून इआरला गेला तर डॉक्टर स्क्रीन बघूनच म्हणे तुम्ही दोन क्लिनिकमधून गोळ्या घेताय, आणि ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे अशा गोळ्यांचं व्यसन सोडवायचं औषध, सुरू करूया म्हणाला. गर्दुल्ला समजतायत का याला? आत्या रडतेय.

नर्सताई: अहो नाही हो. फार्मसीतून गेलेल्या अशा गोळ्यांची राज्याकडे नोंद असते, पीडीएमपी म्हणतात, ती बघितली. वॉशिंग्टन राज्यात तर एका इआरला गेलेलं दुसऱ्या इआरला कळतं, केअर प्लॅनसकट. येल विद्यापीठाच्या 2015 च्या अभ्यासात इआरमध्येच ब्युप्रेनॉर्फिन सुरू केलेले 78 टक्के लोक 30 दिवसांनी उपचारात होते, नुसतं रेफरल दिलेले 37! आत्यांना हे सांगा.

पुणेरी_बोस्टन: पण नुसतं औषध घेऊन घरी येऊ नका, पुढच्या क्लिनिकची अपॉइंटमेंट तिथूनच घ्या, खरी गडबड तिथेच होते. नालोक्सोन स्प्रे (ओव्हरडोस झाला तर नाकात मारायचा) पण घ्या, इथे अमेरिकेत 2023 पासून प्रिस्क्रिप्शन लागत नाही.

जर्सीकर: स्प्रे आजच आणतो. अपॉइंटमेंटचं कुणी बोललंच नाही, उद्या फोन करतो.

नर्सताई: सोशल वर्करला मागा, डॉक्टरला नको, तो सापडणार नाही 😄