प्रतिसाद: सगळीकडे 'प्लाचा' नको

इंग्रजी करारातल्या 'पे', 'फी', 'वेजेस' सगळ्यांना स्लोव्हेनमध्ये (स्लोव्हेनियाच्या भाषेत) 'प्लाचा' हा एकच शब्द चालेल, असं या चर्चेत एकाने सुचवलंय. नाही चालणार. 'प्लाचा' म्हणजे नोकरीच्या करारातला पगार. स्लोव्हेनियाच्या 2013 च्या कामगार कायद्यानुसार तो नेहमी पैशातच द्यावा लागतो आणि त्यात मूळ पगार, कामगिरीनुसारचा भाग आणि भत्ते येतात. त्याहून व्यापक मोबदल्याला कायदा 'प्लाचीलो झा देलो' म्हणतो. आजारपणाच्या रजेत मिळणारे पैसे 'नादोमेस्तिलो प्लाचे'. लेखक किंवा अनुवादकाला मिळतो 'होनोरार'. तिथे 'प्लाचा' लिहिलंत तर वाचणाऱ्याला तो नोकरीचा करार वाटेल, आणि ही चूक खरंच महागात पडते. मजुरीसाठीचा 'मेझ्दा' हा शब्द जुनाट वाटतो, तो अर्थशास्त्राच्या पुस्तकांतच बरा. 'हॉलिडे अलाउन्स'ला सरळ 'रेग्रेस' लिहा, 'बोनस' नको. रेग्रेस कायद्याने द्यावाच लागतो.

आता दुसरा अवघड इंग्रजी शब्द, 'रेकग्निशन'. त्याच्यासाठी आधी वाक्य बघा. गौरव असेल तर 'प्रिझ्नान्ये', पण गुन्ह्याच्या कबुलीलाही हाच शब्द आहे, म्हणून मथळ्यात एकटा सोडू नका. परदेशी पदवीला मान्यता देण्याची प्रक्रिया असेल तर 'प्रिझ्नावान्ये'. श्रेय द्यायचं असेल तर 'झास्लुगे', तेही अनेकवचनातच सहज वाटतं.